लहान विद्यापीठात पत्रकारिता शिकावी का? सीमाभागातल्या घरांसाठी सगळा हिशोब

उळवी (ता. जोयडा), आमच्या प्रतिनिधीकडून :

पीयूसी आणि बारावीचे निकाल लागले की आमच्याकडचे पालक फोन करायला लागतात. मेडिकल-इंजिनिअरिंगचं मला कुणी विचारत नाही, कारण ते मला कळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. विचारतात ते एकच. "सर, पोरगीला पत्रकारितेला घालू काय? धारवाडला घालू, कोल्हापूरला पाठवू, की ते सोलापूरचं लहान विद्यापीठ बरं?" मी स्वतः बी.कॉम. केलं आणि बातमीदारी हातानं करत शिकलो, पण गेली काही वर्षं या अभ्यासक्रमांची माहिती गोळा करतोय. फोनवर पाच मिनिटांत हे सांगून होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

थोडक्यात उत्तर आधी देतो. मोठ्या शहरातलं मोठं नाव मिळालं नाही म्हणून लहान विद्यापीठात जायचं, असं समजू नका. सीमाभागातल्या मुलाला लहान विद्यापीठ जास्त उपयोगी पडू शकतं. मात्र तीन गोष्टी आधी तपासा : परीक्षा कोणत्या भाषेत लिहायची, हातानं काम किती करायला मिळतं, आणि आपले दाखले त्या राज्यात चालतात का. या तिन्ही जमल्या तर पैसे आणि वर्षं वाया जात नाहीत. एक जरी चुकली तर हातात नुसता कागद राहतो.

पत्रकारिता आणि संज्ञापन, दोन्ही एकच का?

नाही. पत्रकारिता म्हणजे बातमी मिळवणं, तपासणं, लिहिणं आणि लोकांपर्यंत पोचवणं. संज्ञापन हा मोठा शब्द आहे. एका माणसाकडून दुसऱ्याकडे किंवा हजारो लोकांकडे माहिती कशी जाते, वाटेत तिचं काय होतं, आणि तिचा परिणाम काय होतो, हा सगळा अभ्यास त्यात येतो. जाहिरात, जनसंपर्क, आकाशवाणी, चित्रपट, आरोग्य खात्याचा प्रचार, मोबाईलवर फिरणारा मजकूर हे सगळं संज्ञापनात मोडतं. विद्यापीठात 'मास कम्युनिकेशन' अशी पाटी असली तर अभ्यासक्रम या मोठ्या अर्थाचा आहे असं समजायचं.

पुस्तकातले सिद्धांत ऐकायला जड वाटतात, पण आपल्या गावात ते रोज दिसतात. एक उदाहरण घ्या. १९५० च्या दशकात अमेरिकेत काट्झ आणि लाझार्सफेल्ड यांनी मांडलं की बातमी वर्तमानपत्रातून थेट सगळ्यांपर्यंत पोचत नाही. आधी ती गावातल्या काही जाणत्या माणसांपर्यंत जाते आणि त्यांच्या तोंडून बाकीच्यांना कळते. उळवीत माघातल्या चन्नबसवेश्वरांच्या जत्रेला धारवाड, बेळगाव भागातून बैलगाड्या येतात. त्या वेळी रस्ता कुठे बंद आहे, पाणी कुठे मिळतं, ही बातमी कशी पसरते ते बघा. पोलीस पत्रक काढतात, पण लोक ऐकतात ते बसच्या कंडक्टरचं आणि चहाच्या हॉटेलवाल्याचं. परदेशातल्या प्राध्यापकांनी लिहिलं तेच आपल्या बसस्टँडवर घडत असतं.

दुसरं उदाहरण. १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी मॅकोम्ब्स आणि शॉ यांनी चॅपल हिल या गावात मतदारांचा अभ्यास केला आणि १९७२ मध्ये तो छापला. माध्यमं लोकांनी काय मत ठेवावं हे ठरवत नसली, तरी कशावर विचार करावा हे ठरवतात, असं त्यांना दिसलं. जोयडा तालुक्याचं नाव वर्षातून कितीदा छापून येतं ते मोजा. वाघ दिसला, पर्यटक आले, दरड कोसळली, जत्रा भरली. शाळेत मास्तर नाही, पावसात नेटवर्क जातं, काळी व्याघ्र प्रकल्पातल्या वस्त्यांच्या पुनर्वसनाचं पुढे काय झालं, हे विषय त्या मानानं किती येतात? जे छापून येत नाही ते बेंगळुरूच्या आणि मुंबईच्या टेबलावर पोचतच नाही. ही कमी भरून काढायला इथलंच कुणीतरी शिकलेलं माणूस लागतं. पत्रकारितेच्या शिक्षणाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

हे शिक्षण आलं कुठून?

पत्रकारिता कॉलेजात शिकवता येते की छापखान्यातच शिकायची, हा वाद जुना आहे. अमेरिकेत मिझुरी विद्यापीठानं १९०८ मध्ये पत्रकारितेची स्वतंत्र शाळा काढली. आपल्या देशात ॲनी बेझंट यांनी १९२० मध्ये मद्रासजवळ अड्यारच्या राष्ट्रीय विद्यापीठात असा वर्ग सुरू केला. पुढे १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात विभाग निघाला. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात १९५१ मध्ये आणि नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ च्या सुमारास हे शिक्षण आलं. पुणे विद्यापीठाचा विभाग, ज्याला लोक रानडे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतात, तो १९६४ चा. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ ची. तिच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविकाही दिली जाते.

म्हणजे सुरुवातीला हे शिक्षण मोठ्या शहरांपुरतं होतं. जिल्ह्याच्या पातळीवर ते यायला पुढची बरीच वर्षं गेली. जिल्ह्यातली वर्तमानपत्रं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होती. बाबूराव ठाकुरांनी बेळगावात 'तरुण भारत' काढला तो १९१९ मध्ये. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर तर सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे. कोकणातल्या खेड्यातला माणूस १८३२ मध्ये मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढतो, आणि पत्रकारिता हे शहरी मुलांचंच काम आहे असं आपण आज समजतो, हे काही बरोबर नाही.

लहान विद्यापीठ म्हणजे नेमकं काय?

इथं सोलापूरचं उदाहरण घेऊ, कारण लहान विद्यापीठ म्हणजे काय ते तिथं नीट दिसतं. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला स्थापन झालं. त्याआधी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. महाराष्ट्रात विद्यापीठ म्हटलं की तीन-चार जिल्हे असायचे. सोलापूरला मात्र एकाच जिल्ह्यासाठी विद्यापीठ मिळालं. २०१९ मध्ये त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. पुणे रस्त्यावर केगावला त्याचा परिसर आहे, आणि तिथं मास कम्युनिकेशनची एम.ए. करता येते.

एका जिल्ह्याच्या विद्यापीठात पत्रकारिता कशाला, असं कुणी म्हणेल. पण सोलापूर जिल्हा कसा आहे बघा. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा बाजारात चालतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात घरात कन्नड आणि शाळेत मराठी हे नेहमीचं आहे. विणकरांची तेलुगू वस्ती पिढ्यान्‌पिढ्या तिथली. साखर कारखाने आहेत, उजनीच्या पाण्याचे वाद आहेत, पंढरपूरची वारी आहे. बातमी शिकायला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार?

आपल्या कारवारातही असंच आहे. कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग धारवाडला नाही, कारवारला कोडीबागला आहे, कारण समुद्र तिथं आहे. ज्या विषयाचा माल जिथं तयार होतो, तिथंच त्याची शाळा असावी. पत्रकारितेचा माल म्हणजे माणसं, भाषा, वाद आणि निर्णय. सीमेवर त्याला तोटा नाही.

सीमाभागातल्या मुलांसमोर यापेक्षाही जास्त पर्याय आहेत. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ जुनं आणि मोठं, तिथं पत्रकारितेचा विभाग आहे. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. विजापूरचं अक्कमहादेवी महिला विद्यापीठ २००३ चं, खास मुलींसाठी, तिथंही पत्रकारिता विभाग आहे. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आहे, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. कर्नाटकातल्या बऱ्याच कॉलेजांत बी.ए.ला पत्रकारिता हा ऐच्छिक विषय म्हणूनही घेता येतो. आणि एम.ए.साठी बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

लहान वर्गाचा फायदा आणि तोटा

लहान विभागात मुलं कमी असतात. याचा फायदा असा की कॅमेरा, रेकॉर्डर, संगणक यांच्यावर हात बसतो. मोठ्या वर्गात तेच यंत्र लांबून दाखवतात. प्रत्येकाची बातमी मास्तर स्वतः वाचून लाल पेनानं खुणा करू शकतात. जिल्हा परिषद, न्यायालय, बाजार समिती, सिव्हिल हॉस्पिटल सगळं जवळ असतं. सकाळी तास, दुपारी प्रत्यक्ष बातमी असं चालू शकतं. गावातली दैनिकं प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात आणि तिथं मुलाला पहिल्या दिवसापासून कामाला लावतात, कारण माणसंच कमी असतात.

तोटेही सांगायला हवेत. बऱ्याच लहान विभागांत कायम प्राध्यापक एक-दोनच असतात, बाकी तासिका तत्त्वावरचे अतिथी अध्यापक. वर्ष मध्यावर आलं तरी काही विषयांना शिक्षक मिळत नाहीत, असंही होतं. स्टुडिओ असतो पण कुलूप लावलेला. ग्रंथालयात पुस्तकं जुनी. मोठ्या वाहिन्या मुलाखती घ्यायला तिथवर येत नाहीत. हे सगळं प्रवेश घेण्याआधी जाऊन बघता येतं. त्यासाठी एक एसटी तिकीट आणि एक दिवस खर्च करावा. दोन वर्षांच्या फीपुढे तो खर्च काहीच नाही.

वर्गात काय शिकवतात? दोन आकडे आणि एक दाखला

साधारणपणे दोन वर्षांत चार सत्रं असतात. संज्ञापनाचे सिद्धांत, पत्रकारितेचा इतिहास, वार्तांकन, संपादन, माध्यम कायदे आणि नीती, आकाशवाणी-दूरदर्शन, डिजिटल माध्यमं, जाहिरात व जनसंपर्क, संशोधन पद्धती, शेवटी प्रबंध किंवा प्रकल्प, आणि मध्ये कुठेतरी इंटर्नशिप. चांगल्या विभागात मुलं स्वतःचं सरावाचं वर्तमानपत्र काढतात.

यातून नेमकं काय मिळतं ते आपल्याच भागातल्या एका बातमीवरून सांगतो. म्हादई पाणी लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३ टीएमसी. त्यावर बेळगाव-हुबळीकडे आणि गोव्यात वेगवेगळ्या प्रतिक्रिया. एकाच आकड्यावर दोन राज्यांत दोन वेगळ्या बातम्या. आता कॉमर्सवाल्याच्या डोळ्यानं हा आकडा फोडून बघा. १३.४२ पैकी ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी, म्हणजे वापरून पुन्हा नदीत सोडायचं पाणी. दीड टीएमसी खोऱ्यातल्याच गरजेसाठी. मलप्रभेकडे वळवायचं ते कळसाचं १.७२ आणि भांडुराचं २.१८, मिळून ३.९ टीएमसी. ही फोड वाचली की दोन्हीकडचा गदारोळ निवतो आणि खरे प्रश्न समोर येतात : या ३.९ टीएमसीचा खानापूरच्या जंगलावर आणि खालच्या गावांवर काय परिणाम होईल? निवाडा शेवटपर्यंत वाचायचा, बेरीज स्वतः करायची, मग मथळा द्यायचा. संशोधन पद्धती हा विषय शिकवतो तो हेच.

दुसरी गोष्ट दाखल्याची. जोयड्यातले कुणबी आणि गोव्यातले कुणबी यांची नाती-गोती, बोली, सणवार एकमेकांत मिसळलेले. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. जोयड्यातले कुणबी तीच मागणी कर्नाटकात वर्षानुवर्षं करत आहेत. फक्त कारवारच्या कार्यालयात बसून ही बातमी लिहिली तर ती 'निवेदन दिले' एवढ्या दोन ओळींत संपते. सीमेच्या दोन्ही बाजूंची कागदपत्रं वाचणारा बातमीदार विचारेल : एकाच समाजाला नदीच्या या बाजूला वेगळा कायदा का? अहवाल कोणत्या खात्यात अडला? गोव्यात कोणते निकष लावले? असा प्रश्न विचारायची सवय सीमेवरच्या मुलाला उपजत असते. तिला शिस्त लावायचं काम अभ्यासक्रम करतो.

कायद्याचा विषयही तितकाच गरजेचा आहे. बाललैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बदनामीचं कलम आता ३५६. व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी टाकणारे कितीतरी हौशी बातमीदार हे कायदे माहीत नसल्यामुळे अडचणीत येतात. 'गावाचं नाव आणि बापाचं आडनाव' दिलं तरी ओळख उघड होते, हे लहान तालुक्यात राहणाऱ्यालाच जास्त कळायला पाहिजे.

माहिती अधिकाराचंही तसंच. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस. नेमका प्रश्न १५० शब्दांत बसवणं ही लेखनाची परीक्षाच आहे.

भाषेचा प्रश्न

आता सगळ्यात अवघड मुद्दा. मराठी शाळेत शिकलेलं आपलं पोर धारवाडला किंवा बेळगावला गेलं तर पत्रकारितेचा पेपर साधारणपणे कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहावा लागतो. कोल्हापूर-सोलापूरला मराठी किंवा इंग्रजी चालते. हे बघूनच बरेच पालक मुलांना महाराष्ट्रात पाठवतात. त्यात गैर काही नाही. पण मी दुसरी बाजूही सांगतो.

उळवीत, जोयड्यात, हळियाळात, खानापुरात राहून बातमीदारी करायची तर तहसीलदाराचा आदेश कन्नडमध्ये येणार, ग्रामपंचायतीचा ठराव कन्नडमध्ये, पोलिसांचा एफआयआर कन्नडमध्ये. तो वाचता आला नाही तर बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते. आणि महाराष्ट्रात नोकरी करायची तर मराठी शुद्ध आणि सफाईदार पाहिजे. दोन्ही येणाऱ्या माणसाची किंमत दोन्ही बाजारांत जास्त. 'दर्पण' निघाला तोही मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, शेजारी-शेजारी स्तंभ करून. मराठी पत्रकारितेची सुरुवातच दुभाषी आहे. आपल्याकडे तर वर्षात दोन पत्रकार दिन येतात. ६ जानेवारीला 'दर्पण'चा, आणि १ जुलैला १८४३ च्या 'मंगळूरु समाचार'चा, म्हणजे कन्नडमधल्या पहिल्या वर्तमानपत्राचा. आमच्यासारख्यांनी दोन्ही पाळले तर कुणाचं काही बिघडत नाही.

माझा सल्ला एवढाच : महाराष्ट्रात शिकायला गेलात तर रोज एक कन्नड दैनिक वाचायचं सोडू नका. कर्नाटकात शिकलात तर आठवड्याला एक बातमी मराठीत लिहून ठेवा. पेपरची भाषा कोणतीही असो, दोन वर्षांनी दोन भाषांत लिहिता आलं पाहिजे.

कागदपत्रं आणि सवलती : इथं घाई करू नका

राज्य ओलांडून शिकायचं तर काही गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

पहिली, जातीचा दाखला. कर्नाटकातला दाखला आरक्षणासाठी साधारणपणे कर्नाटकातच चालतो. महाराष्ट्रात गेल्यावर त्यावर राखीव जागा किंवा शिष्यवृत्ती मिळेल असं धरून चालू नका. कर्नाटकाची शिष्यवृत्ती एसएसपी पोर्टलवरून आणि महाराष्ट्राची महाडीबीटीवरून मिळते. दोन्हीकडे त्या त्या राज्याचं रहिवासी असणं लागतं.

दुसरी, सीमाभागाच्या सवलती. महाराष्ट्र सरकार दावा सांगत असलेल्या ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांसाठी वेळोवेळी सवलती जाहीर होतात. आपलं गाव यादीत आहे का, यंदा कोणती सवलत आहे आणि त्यासाठी कोणता दाखला लागतो, हे त्या विद्यापीठाच्या प्रवेश पुस्तिकेत स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी मिळालं म्हणून आपल्याला मिळेलच असं नाही.

तिसरी, पदवीची वर्षं. कर्नाटकानं २०२१ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची केली. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन किंवा चार वर्षं असे दोन्ही मार्ग आहेत. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांची. चार वर्षांची ऑनर्स केली तर एक वर्षाची एम.ए. करता येते, पण त्या विद्यापीठात ती सोय सुरू आहे का ते विचारा. विद्यापीठ बदलताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. ते काढायला वेळ लागतो, म्हणून निकालाबरोबरच अर्ज टाका.

चौथी, दूरशिक्षण. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे पत्रकारितेचे अभ्यासक्रम मराठीत आहेत, पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाची केंद्रं त्या राज्याच्या हद्दीतच चालतात. कर्नाटकात बसून घ्यायचं तर म्हैसूरचं राज्य मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू बघावं लागतं. खानापुरातल्या मुलाला चंदगडचं केंद्र जवळ पडेल की नाही, याचा हिशोब घरी बसूनच करता येतो.

पोट भरतं का?

हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो, आणि विचारलाच पाहिजे. खरं सांगायचं तर तालुक्याच्या बातमीदाराला पगार क्वचितच असतो. मानधन असतं, कधी बातमीमागे पैसे, आणि बाकी जाहिरातीच्या कमिशनवर भागवावं लागतं. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याच विरोधात बातमी लिहायची, ही कसरत या धंद्यात रोज करावी लागते. म्हणून नुसत्या 'पत्रकार' या पाटीवर घर चालेल असं कुणी मुलाला सांगू नये.

पण या शिक्षणाचे रस्ते वर्तमानपत्रापाशीच थांबत नाहीत. महाराष्ट्रात जिल्हा माहिती अधिकारी आणि कर्नाटकात वार्ता व सार्वजनिक संपर्क खातं, दोन्हीकडच्या पदांसाठी पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागितली जाते. आकाशवाणीची धारवाड, कारवार, पणजी, सांगली, कोल्हापूर, सोलापूर ही केंद्रं हंगामी निवेदक, लेखक घेतात. जनसंज्ञापन आणि पत्रकारिता हा नेट परीक्षेचा स्वतंत्र विषय आहे, त्यातून प्राध्यापकीचा रस्ता आहे. बँका, साखर कारखाने, इस्पितळं, स्वयंसेवी संस्था यांना जनसंपर्काला माणूस लागतो. भाषांतराचं काम तर सीमेवरच्या मुलाला घरबसल्या मिळू शकतं.

सामुदायिक रेडिओ हाही एक रस्ता. बेळगावात केएलईचं 'वेणुध्वनी' आहे, साताऱ्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे. रेडिओवरून खेड्यांशी बोलण्याचा प्रयोग मराठी मुलखाला नवा नाही. १९५६ मध्ये पुण्याच्या आकाशवाणीनं सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवण मंडळं काढली होती. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, चर्चा करायचे आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. जगभरच्या संज्ञापनाच्या पुस्तकांत तो प्रयोग शिकवला जातो. जोयड्यासारख्या तालुक्यात, जिथं मोबाईलची रेंज डोंगर बघून येते-जाते, तिथं रेडिओ अजून जुना झालेला नाही.

प्रवेश घेण्याआधी हे सात प्रश्न विचारा

१. कायम प्राध्यापक किती, अतिथी किती, आणि त्यांच्यापैकी वर्तमानपत्रात किंवा आकाशवाणीत काम केलेले किती?

२. उत्तरपत्रिका आणि प्रबंध कोणत्या भाषेत लिहिता येतो?

३. मुलांचं सरावाचं वर्तमानपत्र निघतं का? असेल तर मागचे तीन अंक दाखवा म्हणा. अंक नसतील तर उत्तर मिळालंच.

४. स्टुडिओची किल्ली कुणाकडे असते आणि मुलं आठवड्यातून किती वेळ आत जातात?

५. इंटर्नशिप विभाग लावून देतो की मुलानं स्वतः शोधायची?

६. मागच्या दोन तुकड्यांतली मुलं आज कुठे आहेत? निदान पाच जणांशी फोनवर बोला.

७. वसतिगृह मिळतं का? लहान विद्यापीठाची फी कमी असते, पण खोली आणि मेसचा खर्च फीच्या पुढे जातो. हिशोब दोन्हींची बेरीज करूनच मांडा.

हे प्रश्न विचारायला लाजू नका. जो विभाग चांगला चालतो त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, असे प्रश्न विचारणारं पोर त्यांना हवंच असतं.

पालकांना शेवटी एकच सांगणं. उळवीला शरणांचा इतिहास आहे, काळी नदीत बुडालेल्या जुन्या सुप्याच्या आठवणी घराघरांत आहेत, जंगलाचे आणि जमिनीचे प्रश्न आहेत. हे सगळं लिहिणारा माणूस बाहेरून आला तर दोन दिवस राहून, फोटो काढून परत जातो. इथलं मूल शिकून आलं तर ते दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी पुन्हा त्याच कार्यालयात जाऊन विचारेल की मागच्या फाईलचं काय झालं. आपल्या तालुक्याला असं पुन्हा पुन्हा विचारणारं माणूस पाहिजे. ते सोलापूरला घडलं, धारवाडला घडलं की कोल्हापूरला, याला फार महत्त्व नाही. प्रवेश अर्जांच्या तारखा प्रत्येक विद्यापीठाच्या वेबसाईटवर येतात. निकालाची वाट न बघता आत्तापासून कागदपत्रं गोळा करायला लागा.